परांची कीं पाया?

संगणकावर नवा प्रकल्प हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्यानें आरंभींच्या फाइली स्वतः लिहाव्या, कीं त्या तयार साच्यांतून पाडून घ्याव्या, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं किरकोळ दिसतो. ज्यांचा संगणकाशीं संबंध पत्रें पाठविण्यापुरता किंवा तिकिटें काढण्यापुरता आहे, अशा पालकांस तर शाळेच्या वार्षिकांत यासाठीं इतकीं पानें खर्च करावीं याचें नवलच वाटेल. परंतु या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रत्येक घराशीं निगडित आहे. जें काम आपण आपल्या नांवावर मिरवितों, त्यांतलें किती आपल्याला समजलेलें असावें? या प्रश्नाचें माझें उत्तर येथें मांडण्याचें योजिलें आहे. तें सर्वांस पटेलच असें नाहीं. तथापि प्रदर्शनांत बक्षीस कोणास द्यावें आणि वर्गांत गुण कशाचे द्यावे, हें या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें तें स्पष्टपणें सांगणें इष्ट होय.

प्रथम हें साधन काय आहे तें पाहूं. संगणकास आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पडद्यावरील चित्रांवर माउसनें किंवा बोटानें टिचकी मारून. दुसरा, कमांड लाइन नांवाच्या साध्या खिडकींत अक्षरें टंकून. हा दुसरा मार्ग दिसावयास रुक्ष, परंतु जाणकारांस तोच प्रिय असतो. कारण तेथें एका ओळींत पुष्कळ सांगतां येतें. आतां, थोडासा मोठा प्रोग्राम म्हटला कीं तो एका फाइलींत मावत नाहीं. मूळ प्रोग्राम एका फोल्डरांत, त्याच्या चाचण्या दुसऱ्यांत, बाहेरचीं कोणकोणतीं साधनें लागतात त्यांची यादी एका फाइलींत, वापरणारासाठीं माहितीपत्रक दुसरींत, परवान्याचा मजकूर तिसरींत, अशी मांडामांड करावी लागते. प्रत्येक नव्या कामाच्या वेळीं तीच मांडामांड पुनः करण्याचा कंटाळा आल्यामुळें लोकांनीं अशीं साधनें निर्माण केलीं कीं, एक आज्ञा टंकावी, चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं, आणि सारा सांगाडा क्षणांत उभा राहावा. इंग्रजींत या क्रियेस स्कॅफोल्डिंग म्हणतात, म्हणजे गवंड्याची परांची बांधणें.

यांतील एका प्रसिद्ध साधनाचें नांव कुकीकटर असें आहे. ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड या अमेरिकन बाईंनीं तें २०१३ सालीं पायथन भाषेंत लिहिलें व सर्वांस विनामूल्य खुलें केलें. नांवाचा अर्थ बिस्किटें कापण्याचा साचा. नाताळांत लाटलेल्या पिठावर चांदणीच्या आकाराचा पत्र्याचा साचा दाबून बिस्किटें कापतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें नांव समजावून सांगावयास नको.

याची करणी मोठी सुबोध आहे. साचा म्हणजे एक साधें फोल्डरच असतें. त्यांतील फाइलींत जेथें जेथें प्रकल्पागणिक बदलणारा मजकूर यावयाचा, तेथें तेथें दुहेरी महिरपी कंसांत एक नांव लिहून जागा राखून ठेविलेली असते. फोल्डराच्या व फाइलीच्या नांवांतहि अशी जागा राखतां येते. सोबत एक प्रश्नावलि असते: प्रकल्पाचें नांव काय, लेखक कोण, परवाना कोणता, इत्यादि. प्रत्येक प्रश्नाशेजारीं एक आयतें उत्तर सुचविलेलें असतें. तें मान्य असल्यास नुसती एंटर कळ दाबावी. उत्तरें मिळतांच तीं राखलेल्या जागांत भरलीं जातात आणि नवें फोल्डर तयार होतें. बीजगणितांत क्ष च्या जागीं किंमत घालण्यासारखाच हा प्रकार आहे. पत्रलेखनाच्या तासाला आपण मायना शिकतों, त्यांतहि हेंच तत्त्व असतें. ‘तीर्थरूप’ हा शब्द ठरलेला, पुढचें नांव ज्याचें त्यानें घालावयाचें.

अशीं साधनें अनेक आहेत. डेन्मार्कचे डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनीं २००४ सालीं रूबी भाषेंतील रेल्स ही चौकट प्रसिद्ध केली. तींत ‘रेल्स न्यू’ म्हटलें कीं संकेतस्थळाचें सारें घर मांडून मिळतें. पायथन भाषेंतील जँगो या चौकटीचा जन्म अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत झाला व २००५ सालीं ती सर्वांस खुली झाली. तिच्या ‘स्टार्टप्रोजेक्ट’ या आज्ञेनें सहा फाइली निर्माण होतात. रस्ट भाषेंतील ‘कार्गो न्यू’ ही आज्ञा त्या मानानें मितभाषी. ती मुख्यतः एक माहितीची फाइल आणि जगास नमस्कार करणारा तीन ओळींचा प्रोग्राम देऊन थांबते. कुकीकटरसारखें साधन कोणाचाहि साचा घेतें, तर या चौकटी आपापला साचा बरोबर बाळगितात, एवढाच फरक.

या साधनांचे गुण मी मनापासून मान्य करितों. वेळ वांचतो, हा पहिला व उघड गुण. दुसरा गुण एकसारखेपणाचा. एका रेल्स प्रकल्पावर काम केलेला मनुष्य दुसऱ्या रेल्स प्रकल्पांत शिरला, तर माजघर कोठें व स्वयंपाकघर कोठें हें त्यास विचारावें लागत नाहीं. तिसरा गुण सर्वांत मोठा. चाचण्यांचें फोल्डर, माहितीपत्रक, परवाना, या गोष्टी आळशी मनुष्य टाळतो. चांगला साचा त्या त्याच्यापुढें आणून ठेवितो. म्हणजे एका शहाण्या माणसाची शिस्त साच्याच्या रूपानें शेंकडों नवशिक्यांच्या हातीं पडते. साचा वापरणें म्हणजे प्रतिभेचा अपमान, असेंहि मी मानीत नाहीं. इंग्लंडांतून आलेले फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं क्रिस्तपुराण छापिलें, तें या भूमींतील ओवीच्याच साच्यांत. साचा परका होता. परंतु त्यांनीं ही भाषा व तिचा छंद आत्मसात करून मग तो हातीं घेतला. माझें सारें म्हणणें या ‘मग’ या एका शब्दासाठीं आहे.

कारण परांची हें नांव फसवें आहे. गवंडी परांची बांधतो ती बांबूंची व सुंभाची. भिंत चढते तशी परांची चढते. गिलावा संपला कीं दोर सोडतात, बांबू उतरवितात आणि दुसऱ्या घराच्या कामावर नेतात. त्या घरांत राहावयास येणाऱ्या कुटुंबास परांचीशीं कांहीं कर्तव्य उरत नाहीं. तिचा एखादा बांबू वांकडा असला, तरी तेवढ्यानें घर वांकडें होत नाहीं. संगणकावरील परांचीची गोष्ट अगदीं उलट आहे. तिनें निर्माण केलेल्या फाइली काम संपल्यावर कोणी उतरवून नेत नाहीं. त्या प्रकल्पांतच राहतात, त्यांच्यावर पुढच्या फाइली रचल्या जातात, आणि प्रकल्प जितकीं वर्षें चालेल तितकीं वर्षें बहुधा त्याच त्याचा भार वाहतात. नांव परांचीचें, काम मात्र पायाचें! परांचीविषयीं बेफिकीर राहणें एक वेळ क्षम्य आहे, पायाविषयीं नाहीं. शिवाय प्रश्नावलींत ‘लेखक कोण’ या प्रश्नापुढें आपण जें नांव टंकितों, तेंच त्या फाइलींवर उमटतें. तें नांव टंकल्याक्षणींच त्या साऱ्या मजकुराची जबाबदारी आपण पत्करिली, असें समजावें.

हें केवळ तत्त्वज्ञान नव्हे. जँगोच्या ज्या सहा फाइली सांगितल्या, त्यांतील एकींत सर्व व्यवस्थेच्या नोंदी असतात. तींत ‘डीबग’ नांवाचा एक खटका आरंभीं चालू ठेविलेला असतो. शिकणारास तो उपकारक आहे. प्रोग्राम अडखळला कीं तो कोणत्या ओळींत व कशानें अडखळला, याचा सविस्तर अहवाल तो पडद्यावर मांडतो. परंतु तेंच संकेतस्थळ जगासाठीं खुलें केल्यावरहि खटका चालूच राहिला, तर तो अहवाल येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसापुढें येतो आणि प्रोग्रामचा आंतील भाग त्यास दिसूं लागतो. घराचा नकाशा चोरासाठीं दारावर टांगून ठेवण्यासारखेंच हें आहे. साचा करणारांनीं आपलें कर्तव्य केलेलें आहे. खटक्याच्या वरच्याच ओळींत त्यांनीं धोक्याची सूचना लिहिली आहे. त्याच फाइलींत एक गुप्त किल्ली असते. तिच्या आरंभींच, ही असुरक्षित आहे, अशा अर्थाचा शब्द ते २०२१ पासून घालूं लागले आहेत. परंतु जी फाइल कधीं उघडलीच नाहीं, तिच्यांतील सूचना वाचणार कोण?

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. फेसबुक कंपनीनें २०१६ सालीं ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. रिअ‍ॅक्ट वापरून पडद्यावरील पानें रचावयाचीं, तर त्यापूर्वीं वेबपॅक, बाबेल इत्यादि साधनांची किचकट जुळणी करावी लागे, आणि नवशिके तेथेंच थकून जात. या साधनानें ती सारी जुळणी एका झांकणाखालीं ठेवून दिली. पुष्कळ लोक त्याच दारानें या विद्येंत शिरले, हा त्याचा उपकार विसरतां येणार नाहीं. झांकण काढण्यासाठीं ‘इजेक्ट’ ही आज्ञा होती. मात्र एकदां काढलेलें झांकण त्या आज्ञेनें पुनः बसवितां येत नसे. पुढें काळ बदलला, अधिक वेगवान साधनें आलीं, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं रिअ‍ॅक्टच्या चालकांनीं, नव्या कामासाठीं हें साधन यापुढें वापरूं नये, असें जाहीर केलें. आतां ज्यांचीं घरें त्या पायावर उभीं होतीं, त्यांनीं काय करावें? झांकणाखालीं काय होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास नव्या साधनावर बिऱ्हाड हलवितां येतें. त्रास होतो, पण मार्ग दिसतो. ज्यानें झांकणाखालीं कधीं पाहिलेंच नाहीं, त्यास आपलेंच घर परकें वाटूं लागतें.

कुकीकटरच्या साच्यासहि हा नियम लागू आहे. बिस्किट एकदां कापून झालें म्हणजे साच्याचा व त्याचा संबंध तुटतो. साच्यांतील एखादा दोष त्याच्या कर्त्यानें उद्यां दुरुस्त केला, तरी काल पाडलेल्या प्रकल्पांत तो दोष तसाच राहतो. कॉपिअर नांवाचें दुसरें एक साधन आपण दिलेलीं उत्तरें जपून ठेवितें आणि साचा सुधारल्यावर ती सुधारणा जुन्या प्रकल्पांत आणूं शकतें. परंतु तेथेंहि आपण केलेले फेरफार व साच्यांतले फेरफार यांचा मेळ घालावयाचा, तर दोन्ही समजणारें डोकें लागतेंच.

साचा आपल्याबरोबर पाहुणेहि आणितो. बाहेरच्या साधनांची जी यादी त्यांत असते, त्यांतील प्रत्येक साधन आणखी दुसऱ्या साधनांवर अवलंबून असतें. २२ मार्च २०१६ रोजीं ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचें ११ ओळींचें एक चिमुकलें साधन त्याच्या कर्त्यानें सार्वजनिक भांडारांतून काढून घेतलें. मजकुराच्या डावीकडे ठरल्याइतकीं अक्षरें भरावीं, एवढेंच त्याचें काम. तें नाहींसें होतांच मोठमोठ्या प्रकल्पांची उभारणी अडून पडली, आणि कांहीं तासांतच भांडाराच्या चालकांस तें पुनः जागेवर ठेवावें लागलें. आपण या ११ ओळींवर उभे आहों, हें अनेकांस त्या दिवशीं प्रथम कळलें. आणखी एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. सांगाडा उभारण्यापूर्वीं व उभारल्यानंतर आपोआप चालावयाचे छोटे प्रोग्राम कुकीकटरच्या साच्यांत ठेवितां येतात. सोय चांगली आहे. परंतु साचा अनोळखी माणसाचा असेल, तर त्याचा अर्थ असा कीं, अनोळखी माणसाच्या आज्ञा आपल्या घरच्या संगणकावर चालतात. रस्त्यांत कोणीहि दिलेला खाऊ खाऊं नये असें आपण मुलांस बजावितों. तीच सावधगिरी येथें हवी.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो घेणारे पालक विचारी असतात. ते म्हणतात, “गुरुजी, भाकरी खाणारानें जोंधळा पेरावा असा आग्रह आपण धरीत नाहीं. मोटार चालविणारास इंजिन खोलतां आलें पाहिजे असेंहि कोणी म्हणत नाहीं. मग जें यंत्र क्षणांत करितें, तें मुलानें हातानें लिहिण्यांत वेळ कां दवडावा?” आक्षेप योग्य आहे, परंतु तो खाणारास व चालविणारास लागू पडतो. मोटारींत बसणारा मनुष्य आणि मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत उमेदवारी करणारा मुलगा, या दोघांस एकच माप लावितां येत नाहीं. आमचा विद्यार्थी संगणकवर्गांत येतो, तो उमेदवार म्हणून येतो. सुताराकडे ठेविलेल्या मुलानें बाजारांतून तयार खुर्ची आणून तिच्यावर आपलें नांव कोरलें, तर मिस्त्री त्याची पाठ थोपटील काय? त्यानें एक तरी खुर्ची, वांकडीतिकडी कां होईना, स्वतः रंधा मारून व सांधे जुळवून उभी करावी. पुढें आयुष्यभर त्यानें यंत्रावर कापलेले पाय वापरले तरी हरकत नाहीं. कारण कोणता सांधा कोठें सुटेल, हें त्याच्या हातास ठाऊक झालेलें असतें.

दुसरे कोणी म्हणतील, आतां साच्यांचा काळहि मागें पडला. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास साध्या भाषेंत सांगितलें कीं सबंध प्रोग्रामच लिहून मिळतो. हें खरें आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह अधिक वाढतो. साचा निदान कोणीतरी विचारपूर्वक रचिलेला असतो. त्याच उत्तरांस तो बहुधा तेंच फळ देतो, आणि पुष्कळांच्या हाताखालून गेलेला असला तर त्याचे दोषहि माहीत झालेले असतात. यंत्रानें लिहिलेला मजकूर दर वेळीं निराळा असूं शकतो आणि तो तपासणारे पहिले डोळे आपलेच असतात. आयती फाइल उघडावी, वाचावी, तिचें प्रयोजन विचारावें, ही संवय ज्यास साच्याच्या सोप्या धड्यांत लागली नाहीं, त्यास ती पुढच्या कठीण धड्यांत अचानक कोठून लागणार?

येथें न्यायाचाहि प्रश्न आहे. समजा, विज्ञान-प्रदर्शनांत दोन मुलांनीं प्रकल्प मांडले. एकाच्या घरीं स्वतःचा संगणक आहे. त्यानें एक आज्ञा टंकली, नांव बदललें, रंग बदलला, आणि चाळीस फाइलींचें, झगझगीत मुखपृष्ठाचें संकेतस्थळ टेबलावर मांडलें. दुसऱ्याच्या घरीं संगणक नाहीं. शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत मिळणाऱ्या अर्ध्या अर्ध्या तासांत त्यानें वर्गांतील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा साठ ओळींचा प्रोग्राम लिहिला. दिसावयास काळ्या खिडकींतील पांढरीं अक्षरें. पाहणारांची गर्दी पहिल्या टेबलाभोंवतीं जमणार, हें स्वाभाविक आहे. परंतु परीक्षकानेंहि त्या गर्दींतच उभें राहून निकाल द्यावा काय? त्यानें पहिल्यास विचारावें कीं, ही अमुक फाइल काढली तर काय होईल. दुसऱ्यास विचारावें कीं, पुस्तक परत आलें नाहीं हें तुझा प्रोग्राम कोणत्या ओळींत ओळखतो. पहिल्यानें नीट उत्तर दिलें, तर त्यास अवश्य बक्षीस द्यावें. साचा वापरला एवढ्यासाठीं त्याचे गुण कापूं नयेत. मात्र नुसत्या दिसण्यावर बक्षीस दिलें, तर आपण गरिबाच्या मुलावर अन्याय करितों. आणि त्याहून मोठा अन्याय संपन्न घरच्या मुलावर करितों. कारण न समजलेलें काम आपल्या नांवावर खपून जातें, हा धडा त्यास शाळेनेंच दिलेला असतो.

तेव्हां करावें काय? माझी सूचना तीन पायऱ्यांची आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें आपला पहिला प्रकल्प रिकाम्या फोल्डरापासून, एकेक फाइल स्वतः निर्माण करून उभारावा. तो लहान असेल, ओबडधोबड असेल, असूं द्यावा. दुसरा प्रकल्प त्यानें खुशाल साच्यांतून पाडून घ्यावा. मात्र प्रत्येक फाइलीपुढें तिचें प्रयोजन एका मराठी वाक्यांत वहींत लिहावें. ज्या फाइलीचें प्रयोजन सांगतां येत नाहीं, ती प्रकल्पाच्या एका निराळ्या प्रतींतून काढून पाहावी. काय मोडतें तें दिसलें कीं ती कशासाठीं होती तें कळतें. तिसऱ्या खेपेस त्यानें स्वतःचा साचा तयार करावा. समजा, वर्गांतील मुलें प्रयोगांतील आंकडे मांडणारे लहान लहान प्रोग्राम वरचेवर लिहितात. तर त्यांच्यासाठींच एक साचा करावा. खरें शिक्षण या तिसऱ्या पायरीवर आहे. साचा करावयाचा म्हणजे प्रत्येक ओळीपाशीं थांबून विचारावें लागतें कीं, हें सर्वांस समान आहे कीं ज्याचें त्याचें निराळें आहे? काय स्थिर ठेवावें आणि कोणत्या जागा राखाव्या? कोणते प्रश्न विचारावे, आणि जो विचार न करितां एंटर दाबील त्याच्यासाठीं कोणतें आयतें उत्तर निरुपद्रवी ठरेल? हा विचार करणारा मुलगा त्या क्षणीं साच्याचा गिऱ्हाईक राहत नाहीं, कारागीर होतो. आणि त्याचा साचा पुढच्या वर्षीं खालच्या इयत्तेंतील मुलांच्या उपयोगीं पडला, तर विद्या दिल्यानें वाढते या वचनाचा त्यास अनुभव येतो.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, आपणांस संगणकाची विद्या येत नाहीं म्हणून आपण या कामांत निरुपयोगी आहों, असें समजूं नये. मुलगा किंवा मुलगी आपलें काम दाखवावयास आली म्हणजे तीन प्रश्न विचारावे. हें कशासाठीं आहे? यांतलें तूं काय लिहिलेंस व काय आयतें मिळालें? आयत्यांतलें हें एक काढलें तर काय होईल? उत्तर घरच्या बोलींत, आजीस कळेल असें मागावें. मूल अडखळलें तर रागावूं नये. जेथें तें अडखळलें, तेथेंच त्याचा पुढचा धडा आहे, असें समजून त्यास परत पाठवावें. आणि “हें मला आयतें मिळालें” असें जें मूल प्रांजळपणें सांगेल, त्याचें कौतुक करावें. त्या एका वाक्यांत जी सचोटी आहे, ती चाळीस फाइलींहून मोलाची आहे.

शुभवर्तमानांत दोन घरें बांधणाऱ्यांचा दृष्टान्त आहे. एकानें खडकावर बांधलें, दुसऱ्यानें वाळूवर. त्या दोन घरांच्या भिंतींत किंवा छपरांत कांहीं फरक होता, असें तेथें सांगितलेलें नाहीं. रस्त्यानें जाणारास दोन्हीं सारखींच दिसलीं असतील. लूकनें मात्र एक बारीक गोष्ट टिपून ठेविली आहे, ती ही कीं, शहाणा मनुष्य खोल खणत गेला होता. तें खणणें पूर येईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, साचे वापरा, चांगले निवडून वापरा, पुढें स्वतः करूनहि द्या. परंतु जी फाइल तुमच्या नांवानें उभी आहे, ती एकदां तरी उघडून खालपर्यंत वाचा. पुराची तारीख कोणत्याहि प्रश्नावलींत विचारलेली नसते.